साडेपाच हजार फेऱ्यांचा माणूस

आमचे घरमालक वरच्या मजल्यावर यायचे ते भाड्यासाठी कधीच नाही. यायचे ते मिक्सरसाठी. बायकोने चटणी वाटायला घेतली आणि मिक्सर जरा जास्त वेळ चालू राहिला, की खालून काठीने छताला दोनदा ठोकल्याचा आवाज यायचा. तेवढ्याने भागलं नाही तर काका जिना चढून स्वतः दारात उभे राहायचे.

"सूनबाई, त्येला दम घेऊ द्या. फिरतंय म्हणून काय फिरवतच ऱ्हायाचं?"

हिला आधी राग यायचा. पुढे पुढे तीही मध्येच मिक्सर थांबवून दोन श्वास मोजल्यासारखी उभी राहायला लागली, आणि त्या घरातून आम्ही विश्रामबागेत स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो तरी तिची ती सवय गेलेली नाही. माझ्या सवयी मात्र त्यांनी बदलल्या असं म्हणवत नाही. काकांची आठवण निघाली की मला आधी लाज आठवते, काका नंतर.

माधवनगरच्या त्या गल्लीत आम्ही बरीच वर्षं भाड्याने राहिलो. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर कामाला होतो, अजून आहे, आणि संध्याकाळी पिवळ्या कॉलरचा शर्ट घालून घरी यायचो. काका फौजेत मोटरसायकलवरून डाक पोचवायचे. निवृत्त होऊन गावाकडे न जाता इथे घर बांधून राहिले, आणि साठीच्या आसपास त्यांनी जी गाडी विकत आणली ती पाहून सगळी गल्ली हसली. डोंगरातल्या दगडधोंड्यांच्या वाटांवर कॉलेजची पोरं उडवतात तसली ती गाडी होती. उंच, सडपातळ, एका सिलिंडरची, जाड खाचांच्या टायरांची. सीट इतकी उंच की काका ती घराच्या पायरीला लावून घ्यायचे आणि पायरीवरून चढायचे.

काकू म्हणाल्या, "नातवंडं खेळवायच्या वयात ह्यांनी घोडं आणलं."

पण हसण्यासारखं खरं पुढेच होतं. ही उड्या मारायची गाडी काकांनी अशी चालवली की त्यांच्यापुढे दूधवाला बेफाम वाटावा. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काकूंची नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. भाचीच्या लग्नात एकदा वापरून काकूंनी ती कपाटात जपून ठेवलेली होती. त्या लाल रंगाने काकांनी गाडीच्या मीटरवर एक रेघ ओढली. इंजिनाचा आतला दांडा मिनिटाला किती फेरे घेतो ते दाखवणारं जे मीटर असतं, त्यावर, बरोबर साडेपाच हजारांच्या आकड्याशी. कंपनीने स्वतःची लाल खूण कुठे वर नऊ हजारांपाशी केलेली होती.

मी म्हटलं, "काका, कंपनीच म्हणते की नऊपर्यंत जाते."

"कंपनी सांगती कुठवर जातंय," काका म्हणाले. "कुठवर ऱ्हातंय त्ये कोन सांगत न्हाई. जानं येगळं, ऱ्हानं येगळं."

हा त्यांचा सिद्धांत. तो त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला की झोपेतही म्हणून दाखवीन. साडेपाच हजार फेऱ्यांवर ही गाडी दिवसभर चालवावी, संध्याकाळी उतरताना ती सकाळसारखीच असेल. सहा हजार, चहाच्या टपरीपर्यंत. सात हजार, उसाची ट्रॉली ओलांडण्यापुरतं. त्याच्यावर फक्त कुणाचा तरी जीव वाचवायचा असेल तर. आणि खालच्या बाजूलाही हद्द होती, जिचा कुणी विचारच करत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. वरच्या गियरमध्ये साडेतीन हजारांच्या खाली रेटायचं नाही, धक्के खात ओढायला लावायचं नाही. "जास्त पळवून मारता येतं तसं रखडवून बी मारता येतं. हिच्यात पानी न्हाई थंड करायला. ही वाऱ्यावर जगती. वारा तवाच लागतो जवा ही चालती."

साडेपाच हजार म्हणजे वरच्या गियरमध्ये साठ-पासष्टचा वेग. गल्लीत तो पुष्कळ होतो. हायवेवर तो किती असतो ते मागे बसल्याशिवाय कळत नाही.

मागे मी बसायचो. काकांची थोरली बहीण, आक्का, उंब्रजजवळच्या त्यांच्या गावी एकटी राहायची. आई लहानपणीच गेल्यामुळे तिनेच काकांना वाढवलेलं. तिला भेटायला काका अधूनमधून रविवारी जायचे आणि मला घेऊन जायचे. यात माझ्या सहवासाचा काही भाग नव्हता. मागे वजन नसेल तर मागचं चाक खड्ड्यात नाचतं, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. भाडेकरू म्हणून माझ्या वाट्याला बरंच काही आलं असेल, पण वजन म्हणून उपयोग आधी कुणी केला नव्हता.

हायवेला लागलो की माझी लाज सुरू व्हायची. गाड्या, ट्रक, एसटी, सगळे आम्हाला ओलांडून जायचे. एवढी दांडगी, शिंगं उगारल्यासारखी गाडी, तिच्यावर हेल्मेट घातलेले दोन बाप्ये, आणि कॉलेजला निघालेली मुलगी स्कूटीवरून मागे न बघता पुढे निघून जातेय. एकदा पिकअपमध्ये उभी असलेली एक म्हैस आम्हाला ओलांडून गेली. ती मागे तोंड करून उभी होती, आणि दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. एकदा पेढीवरचे दोघे कारमधून गेले, काच खाली करून हात हलवला, मग गाडी हळू करून मुद्दाम आमच्या बरोबरीने चालवली आणि विचारलं, "पेट्रोल संपलंय का?" त्या दिवसापासून मी हेल्मेटची काच बसल्याबरोबर खाली ओढायला लागलो. काच काळी होती ती एक बरी गोष्ट होती.

"काका, जरा वाढवा की," मी मागून म्हणायचो.

"ऐक," ते म्हणायचे.

मग ते इंजिनाच्या आवाजात आवाज मिळवून नाकातून गुणगुणायचे. तोच सूर, कमी नाही, जास्त नाही. मीटरकडे त्यांना बघावंच लागायचं नाही. टपरीवर थांबलो की ते आधी बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन इंजिनाच्या वारा खाणाऱ्या पापुद्र्यांवर शिंपडायचे, थेंब कसा उडतो त्याच्याकडे कान देऊन बघायचे, आणि मगच चहा सांगायचे. टपरीवरची माणसं हे बघत असायची आणि मी त्यांच्याशी माझा काही संबंध नाही असा उभा राहायचो.

हे फेरे ते सगळ्यांना लावायचे. गल्लीत कुणी भांडायला लागलं की, "त्येचं फेरं लय वर गेल्यात, आता तापनार." टीव्हीवर ओरडून बातम्या सांगणारा मुलगा दिसला की आवाज बंद करून ते त्याच्या तोंडाकडे काळजीने बघत बसायचे. काकूंना विचारलं तर त्या सांगत, "लग्नात सप्तपदी बी एवढी दमादमानं चाललं, की भटजीनं दुसरं लगीन गाठायचं सोडून दिलं." यावर काका म्हणायचे, "मग? ऱ्हायली का न्हाई चाळीस वर्सं?" काकू यावर फक्त पदर नीट करत.

गावात मात्र हा विनोद प्रेमाचा नव्हता. तिथे त्यांना फेरेवाला म्हणत. त्यांच्या गावातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं, पेन्शनवाल्यांना मान मोठा. ध्वजवंदनाला, जत्रेला, कुस्त्यांच्या फडाला पुढच्या खुर्चीवर कुणी ना कुणी माजी सैनिक असायचाच. काकांना कधी बोलावणं आलं नाही. ते सांगलीला राहतात हे कारण सांगितलं जायचं. खरं कारण आक्कांनी मला एकदा चुलीपाशी सांगितलं. "हसत्यात रं त्येला. मान कसा देतील? मला मरायच्या आधी त्येला येकदा म्होरं बघायचाय." काका बाहेर पायरीवर बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण त्यांनी उगाचच मोठ्याने खाकरून विषय बदलला.

म्हणून एका वर्षी शिवजयंतीच्या आधी गावच्या मंडळाचा अध्यक्ष माधवनगरला येऊन जेव्हा म्हणाला, "काका, यंदा ज्योतीच्या म्होरची गाडी तुमची," तेव्हा काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

त्या बाजूची ही रीत सांगायला हवी. शिवजयंतीला गावोगावची मुलं किल्ल्यावर जातात, तिथे मशाल पेटवतात आणि ती पळत आपल्या गावात आणतात. या गावची मुलं साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावरून आणायची. प्रत्येकाचा पळायचा टप्पा ठरलेला. एकाचा टप्पा झाला की मशाल दुसऱ्याच्या हातात, दमलेला मागच्या टेम्पोत. माणसं टेम्पोत बसतात, ज्योत बसत नाही. ती अख्ख्या वाटेने कुणाच्या तरी पायांवर यायला हवी, एवढाच नियम. पुढे झेंडा लावलेली एक मोटरसायकल. आणि गावच्या वेशीशी, मारुतीच्या पारावर, पळून आलेल्या मुलांचे पाय धुतात. मंडळाने ज्योत आणायला सुरुवात केली तेव्हापासून हे पाय आक्काच धूत आल्या होत्या. कंबर वाकलेली, तरी परात सरकवत त्या एकेकासमोर जायच्या.

आदल्या वर्षीच्या बिनसायलेन्सरच्या गाडीला पोलिसांनी अडवलं होतं, म्हणून मंडळाला यंदा सभ्य गाडी हवी होती, आणि माजी सैनिक फोटोत बरा दिसतो. काकांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी एकच अट घातली. "मानसाच्या धावंवर ही गाडी चालवायची न्हाई. तासन्‌तास पहिल्या गियरमधी रखडली तर वारा न लागून मरल. मी म्होरं जानार, बंद करून थांबनार. ज्योत आली की फुडं." अध्यक्ष हो म्हणाला. अटी ऐकताना माणसं ज्या चेहऱ्याने हो म्हणतात त्या चेहऱ्याने.

पुढचे दिवस काका तयारीतच होते. पांढरा शर्ट काकूंकडून दोनदा इस्त्री करून घेतला. फौजेतली बेरे टोपी ट्रंकेतून काढून उन्हात ठेवली, आणि मग हेल्मेटवर ती घालता येत नाही म्हणून परत ट्रंकेत ठेवली. झेंडा धरून मागे बसायला अर्थात मी होतो, वजन म्हणून.

उजाडता उजाडता किल्ल्यावरून निघालो. साताऱ्यातून बाहेर पडेपर्यंत झकास चाललं होतं. आम्ही पुढे जायचो, कडेला सावलीत थांबायचो, काका इंजिन बंद करायचे. शांततेत लांबून घोषणा ऐकू यायच्या, मग मशालीचा धूर दिसायचा, मग मुलं यायची. काका उभे राहून सॅल्यूट करायचे आणि पायरीऐवजी मैलाच्या दगडावर चढून पुन्हा गाडीवर बसायचे. त्यांचा चेहरा मी एवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता.

नागठाण्याच्या आसपास दुसऱ्या गावांच्या ज्योती आम्हाला गाठायला लागल्या. त्यांच्या पुढच्या गाड्या ज्योतीला चिकटून, रेस करत, फटाके फोडल्यासारखा आवाज काढत चालल्या होत्या. आमची गाडी कडेला बंद. जाणारा येणारा विचारत होता, "बंद पडली व्हय?" आमच्या मुलांचे चेहरे पडायला लागले. एक जण मला येऊन म्हणाला, "आवं, निदान चालू तरी ठेवा. लय लाज वाटती." मी काकांकडे पाहिलं. मलाही वाटत होती, पण माझी काच खाली होती.

अतीत गावाजवळ अध्यक्षाला आपल्या गावातून फोन आला. पाहुणे येऊन बसलेत, मांडव भरलाय, बाकीच्या गावांच्या ज्योती पोचल्या. आम्ही नेहमीप्रमाणे पुढे जाऊन थांबलो होतो. मागून घोषणा आल्या नाहीत. टेम्पोच आला, भरधाव, आणि टेम्पोच्या हौद्यात मशाल होती. अध्यक्षाने पुढच्या सीटवरून हात बाहेर काढून ओरडून सांगितलं, "काका, दाबा आता. वेशीपाशी उतरून पळतो आमी. तुमी म्होरं पायजे." आणि टेम्पो गेला.

काका थोडा वेळ धुराकडे बघत राहिले. मग गाडीवर बसले, आणि आम्ही निघालो. साठने.

"काका, आज तरी दाबा," मी म्हटलं. "टेम्पो ऐंशीनं चाललाय. आक्का वाट बघत असतील. तुम्हाला पुढं बघायचं म्हणून बसल्यात त्या."

मला खरोखर तसं वाटत होतं. एवढ्या वर्षांनी मिळालेला मान एका नेलपॉलिशच्या रेघेसाठी हातचा घालवायचा, हे मला कळेना. झेंड्यात वारा भरून मला मागे खेचत होता. काका गुणगुणत नव्हते.

"टेम्पोच्या म्होरं पळून काय दाखवायचं?" एवढंच ते म्हणाले. "आन त्या ज्योतीच्या म्होरं पळायला माझ्या गाडीनं काय पाप केलंय?"

आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटपत आलं होतं. मुलांनी वेशीबाहेर टेम्पो उभा करून, तोंडावर पाणी मारून, शेवटचं अंतर पळत काढलं होतं आणि पुढे दुसऱ्याच कुणाची तरी गाडी घेतली होती. आता ती पारावर ओळीने बसली होती, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून. आक्का परात सरकवत होत्या. मी झेंडा टेकवून उभा होतो, तर कुणीतरी माझा दंड धरला. "पावनं, बसा की. झेंडा तुमीच आनलाय." मी बसलो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण सगळे बघत होते, आणि नाही म्हणताना जास्त बोलावं लागतं. आक्कांनी माझे बूट स्वतः काढले. गार पाणी घातलं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत हात फिरवला, पदराने पुसलं, कुंकू लावलं. त्यांच्या हाताच्या भेगा मला तळव्याला लागल्या. मी खाली बघत होतो.

मग त्यांना भाऊ दिसला. तो गर्दीच्या मागे उभा होता, पुढे नव्हे. तरी त्या हसल्या. "ये फौजी, बस. तुझं बी धुते."

"माझं नगं धू, आक्का," काका म्हणाले. नेहमीच्या आवाजात, मिक्सर थांबवायला सांगतात तसं. "मी गाडीवर आलोय."

टेम्पोबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. कुणाकडे बघितलंही नाही. आक्कांनी ओळीकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी मुलं आपापल्या ओल्या पायांकडे बघत होती, आणि ओळीच्या शेवटी मी. त्यांनी काही विचारलं नाही. तांब्यात उरलेलं पाणी पाराच्या दगडावर ओतलं, परात उचलली आणि त्या घराकडे गेल्या. मला माझे पाय कुठे ठेवावेत ते कळेना. मी त्यांच्यावर मोजे चढवले, तर ते ओले झाले, आणि सांगलीपर्यंत ते ओले मोजे माझ्या पायांत होते.

गावाने मनाला लावून घेतलं. फेरेवाल्याने भर पारावर गावाची इज्जत घालवली, असं मंडळाचं म्हणणं पडलं. त्यानंतर काकांना बोलावणं आलं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?" माझा राग कशाचा होता ते मला ठाऊक होतं. त्यांनी एकट्यांनी पाय मागे घेतल्यामुळे माझे पुढे दिसत होते.

ते म्हणाले, "ती पाय धुत व्हती रं. मीटर न्हवं त्ये, की चुकीचं दाखवलं तरी चालंल."

पुढच्या वर्षी जानेवारीत मी काकांना म्हटलं की मला यंदा एक टप्पा पळायचाय. मंडळाला मी विचारलं होतं, त्यांना पाहुण्याचं काही वावडं नव्हतं. काकांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडी घेऊन दारात होते. माधवनगरच्या जुन्या मिलच्या मागच्या रस्त्याने मी पळायचो आणि काका पुढे जाऊन, गाडी बंद करून, लिंबाखाली थांबायचे. मी धापा टाकत पोचलो की विचारायचे, "नाव सांग तुझं." मला बोलता यायचं नाही. "बघ. जितक्या फेऱ्यावर आपलं नाव सांगता येतं तितक्यावर पळ. त्ये तुझं साडेपाच हजार." हळूहळू मला नाव सांगता यायला लागलं. मग पत्ता. शेवटी शेवटी मी त्यांना त्या दिवसाचा हळदीचा बाजारही सांगायचो.

आणि शिवजयंतीच्या दिवशी काशीळजवळ मशाल माझ्या हातात आली. दोन्ही बाजूंना विशीतली पोरं, पुढे नवी गाडी रेस करत, कुणाचा तरी मोबाइल माझ्या तोंडावर धरलेला, आणि कुणीतरी ओरडलं, "पावनं, दाबा." मी दाबलं. इतका चांगला मी जन्मात पळालो नव्हतो. एक वळण, एक चढ, आणि मला कुणी नाव विचारलं असतं तर मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो असतो. टप्प्याच्या मध्यावर पोटात कळ आली आणि गुडघे दुमडले. एकाने मशाल पडायच्या आत धरली आणि तो पुढे पळाला. मला दोघांनी काखेत धरून टेम्पोत चढवलं. त्या वर्षी ज्योत वेशीपर्यंत पायांवरच आली, यात माझा वाटा किती ते टेम्पोत बसून मी बघत होतो.

पारावर काका आले होते, आक्कांच्या मागे, लोकांत उभे. बोलावणं नव्हतंच. मुलं ओळीने बसली आणि मलाही बसवलं. पण त्या वर्षी आक्का प्रत्येकासमोर परात ठेवायच्या आधी थांबत होत्या आणि विचारत होत्या, "पळालास का बाळा?" ज्याने हो म्हटलं त्याचे पाय धूत होत्या. एक जण उठून पाराच्या मागे गेला. त्या पुढे सरकल्या.

माझ्यासमोर आल्या. "पळालास?"

"माझा टप्पा होता, आक्का," मी म्हटलं. "निम्मा पळालो. उरलेला दुसऱ्यानं काढला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या खरंच विचारात पडल्या. चेष्टा त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मग म्हणाल्या, "बरं. उजवा फुडं कर."

त्यांनी उजवा पाय धुतला, पुसला, कुंकू लावलं आणि परात पुढच्या मुलाकडे सरकवली. डावा मी उगाच पुढे धरून बसलो होतो, तो मागे घेतला. हसू आलं नाही कुणाला, निदान मला दिसेल असं.

निघताना काकांनी गाडी पाराला लावून घेतली आणि चढले. "कितीवर पळालास?"

"आठ हजार असतील."

"जीव कुनाचा वाचवायचा व्हता?"

मी मागे बसलो. त्यांनी गाडी सुरू केली. हायवेवर सगळे आम्हाला ओलांडून गेले, एक शाळेची बसही गेली आणि मागच्या काचेतून मुलांनी हात केले. मी हेल्मेटची काच वर ठेवली होती, त्यामुळे त्यांना मी दिसत होतो. काका गुणगुणत होते.

घरी आल्यावर मी न्हाणीत जाऊन डावा पाय स्वतः धुतला. उजव्यावर पाणी घेतलं नाही.